मुठीवरची चीर

दादा गेल्यावर महिन्याभराने वहिनी त्याचा जुना मोका पॉट घेऊन माझ्या दुकानात आली. "भाऊजी, हा उघडतच नाही."

उघडेल कसा? असले गॅसवरचे कॉफीचे पॉट दुरुस्त करण्यात माझी हयात गेली आणि दादाला एकच गोष्ट सांगून मी थकलो. आवळताना मूठ धरू नकोस, वरचं भांडं धर, मूठ तडकते. "धाकट्याने मला शिकवायचं नाही," तो म्हणाला. तेवढ्यावरून अकरा वर्षं अबोला. त्याला पोचवायलाही मी गेलो नाही.

दोन पकडी लावून मी पॉट उघडला. खालची टाकी, मधली गाळणी, वरचं भांडं, सगळं घासलं. रबरी रिंग बदलली, तडकलेली मूठ काढून नवी बसवली आणि हलक्या हाताने पॉट जोडून वहिनीला दिला.

तिला तो उघडेना. मलाही उघडेना. नव्या मुठीवर केसाएवढी चीर होती, जुन्या मुठीवर होती तिथेच.

"तुम्हीसुद्धा मूठ धरूनच आवळता वाटतं," वहिनी म्हणाली.

मला ते झोंबलं. पकडी लावून पुन्हा उघडला, दुसरी नवी मूठ बसवली. या वेळी जोडलाच नाही. वरचं भांडं टाकीवर नुसतं टेकवलं आणि हात मागे घेतले.

आटे करकरले. भांडं सावकाश फिरू लागलं. काळ्या मुठीवर चार बोटांचा ओलावा उमटला.

"अहो, पुरे. तडकेल ती," वहिनी हळूच म्हणाली.

मला ती भाऊजी म्हणते.