चौथी लेव्हल

"चौथी लेव्हलपण कडक करून ठेवलीय यांनी," टॅबवर झालेली मात बघत तुळशीदास सर म्हणाले. समोरच्या तक्त्यातला बाराशेचा आकडा खोडून त्यांनी तिथे सोळाशे लिहिलं.

शेजारी त्यांची मुलगी दर्शना बसली होती. मुलुंडच्या त्या सोसायटी हॉलमध्ये दोघं मिळून बुद्धिबळाचा क्लास चालवत. बारकी पोरं तिच्याकडे, पुढची बाबांकडे. नवीन बॅचेसच्या आधी बाबा टॅबवरच्या कॉम्प्युटरची एकेक लेव्हल तपासायचे. प्रत्येकीशी दहा डाव, आणि किती जिंकलो यावरून त्या लेव्हलचं रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा. मग जे मूल जिला हरवेल, तशी त्याची बॅच. पद्धत झकास होती. फक्त त्यात बाबांचं स्वतःचं एकोणीसशे रेटिंग पक्कं धरलेलं होतं. ते हलेल असं घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"ती सात वर्षांची दिशा," बाबा म्हणाले, "काल या चौथीलाच हरवून गेली. म्हणजे सोळाशेची पोरगी! टाक तिला माझ्या बॅचला."

दिशा अजून घोड्याची घरं बोटाने मोजायची.

"बाबा, मागच्या वर्षी चौथीशी दहाच्या दहा जिंकला होतात ना तुम्ही?"

"तेव्हाची वेगळी होती गो. अपडेट आलं असणार. बघ जरा."

दर्शनाने सेटिंग उघडलं. शेवटचं अपडेट तीन वर्षांपूर्वीचं. तिने पुन्हा एकदा तारीख वाचली आणि स्क्रीन बंद केली.

"काय गो, सापडलं?"

"हो बाबा. गेल्याच महिन्यात आलंय."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" बाबा खूश झाले. "आता पहिली लाव. ती तरी तशीच ठेवलीय का बघू."

पहिली लेव्हल अगदी नवशिक्यांसाठी होती. आपली मोहरी ती मुद्दामच मारायला देई. बाराव्या चालीला बाबांचा वजीर गेला. तो गेल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. ते शांतपणे समोरच्याचा काळा उंट बोटाने पुढे ढकलत राहिले. उंट हलेना.

"बाबा, तुमची पांढरी आहेत."

"माहितीय मला!" ते खेकसले. मग बराच वेळ पटाकडे नुसते बघत बसले. दर्शनाला आता खरोखरच भीती वाटू लागली. लहानपणापासून पाहिलेला तो चेहरा आज कुणा भलत्याच माणसाचा वाटत होता.

"टॅब कामातून गेलाय," शेवटी ते म्हणाले. "राहू दे तो. लाकडी पट काढ, तू बस समोर. माणसाशी खेळलं की कळतं आपण कुठे आहोत ते. आणि जीव लावून खेळ हां. मुद्दाम सोडलास तर चालायचं नाही."

दर्शनाने मोहरी मांडली. पांढरी त्यांच्याकडे केली, काळी स्वतःकडे. बाबांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि हात चोळत ते तिच्याकडे बघू लागले.

पहिल्या लेव्हलच्याही खाली कसं खेळायचं, तेही त्यांना कळू न देता, याचा विचार करत ती पटावर वाकली.