सोबत आलेल्या व्यक्तीचं नाव

"आजी, परीक्षा तुमची नाही, संगणकाची आहे," दवाखान्यातली मुलगी म्हणाली. "स्मरणशक्ती तपासणारा हा प्रोग्रॅम ज्येष्ठांना वापरता येतो का, तेवढंच बघायचंय. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा." मी बोलत राहिले: अक्षरं बारीक, बटण दाबलेलं कळत नाही. मग पडद्यावर चौकट आली: 'सोबत आलेल्या व्यक्तीचं नाव लिहा.' बाहेर हे माझी पर्स सांभाळत बसले होते. पन्नास वर्षं यांना 'अहो' म्हणतेय. गेले चार महिने त्या 'अहो'नेच अब्रू राखलीय. "गप्प का झालात? कीबोर्ड अवघड जातोय?" तेवढ्यात यांनी डोकावलं. "काय अडलं गं?" "अहो, तुमचं नाव तुम्हीच लिहा." "अजून लाजतेस होय?" हसत हसत ते लिहू लागले आणि मी जीव मुठीत धरून एकेक अक्षर पाठ करू लागले.