मयताचा फळा

मंगळवार पेठेतल्या चौकात निवडणुकीचं भरारी पथक फळ्यावर वर्तमानपत्र चिकटवत होतं. फळा मयताचा. पेठेत कुणी गेलं की रक्षाविसर्जनाची वेळ त्यावर लिहायची, आणि ती वाचून पेठ स्मशानात जमायची. पण फळ्याच्या तळाशी ‘सौजन्य : विजयसिंह’ असं रंगवलेलं होतं, आणि विजयसिंह यंदा उभे होते. नाव चार बोटांचं. तेवढंच झाकायची अक्कल पथकाकडे नव्हती. खळ मात्र बादलीभर होती.

केरबा बघत उभा होता. त्याची बायको चिमणाबाई काल गेली. उद्या सकाळी रक्षाविसर्जन. चिमणाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. रोज सकाळी ती केरबाला फळा वाचायला पिटाळायची, आणि कुणाचं मयत झालेलं असलं की पिठलं-भाकरी घेऊन त्या घरी सगळ्यांच्या आधी पोचायची. तीस वर्षं हेच. आता तिच्या नावाला तिथं जागा नव्हती.

“सायब, दोनच वळी लिवायच्यात,” केरबा म्हणाला. “न्हाईतर उद्या मानसं येनार कशी?”

“फळ्यावर उमेदवाराचं नाव आहे. मजकुराला आधी परवानगी लागते,” पथकाचे साहेब म्हणाले. “अर्ज करा, तीन दिवसांत मिळेल. खाली मुद्रकाचं नाव आणि प्रतींची संख्या टाका.”

साहेब शिकलेले होते. न शिकलेल्या माणसाला हे सुचलं नसतं.

“तीन दिसांनी रक्षा ऱ्हाती व्हय?” आरिफ म्हणाला. तो पेंटर. फळा फुकट लिहायचा. त्याच्या हातात खडू तसाच होता.

केरबाचं लक्ष चिकटवलेल्या कागदाकडे गेलं. त्यावर अर्धं पान विजयसिंह, हात जोडून, बत्तिशी दाखवत.

“आनि ह्यो?”

“ती जाहिरात प्रमाणित आहे,” साहेब म्हणाले.

केरबानं आरिफकडे पाठ केली. “आरिफ, दुकानातनं काळा रंग आन. लिव्ह सदऱ्यावर.”

“मामा…”

“लिव्ह म्हनतोय न्हवं!”

आरिफनं लिहिलं. ‘चिमणाबाई यांचे रक्षाविसर्जन उद्या सकाळी आठ वाजता.’ साहेब आचारसंहितेची पुस्तिका उलटीसुलटी चाळत राहिले. पाठीचा नियम काही सापडेना. शेवटी त्यांनी पथकाच्या कॅमेरावाल्याला पिटाळलं, “जा मागनं. शूटिंग घे, पुरावा लागेल.”

केरबा पेठेतून चालू लागला. ओला रंग पाठीला गार लागत होता. बायका दारात येऊन वाचत होत्या, डोळ्याला पदर लावत होत्या. मागे कॅमेरा.

दोन गल्ल्या झाल्यावर केरबा थांबला आणि वळला.

“नीट आलंय न्हवं?”

कॅमेरावाल्यानं मान हलवली.

“म्हंजे वाचलंस. मग उद्या आटला ये.”