गोदूचा हात, अंबाजीचा पाय

मिठागरात राबून भेगाळलेले अंबाजीचे पाय गोदू रोज संध्याकाळी समोर बसून चोळायची. दोन्ही हातांनी दोन्ही पाय, एकदमच. होळीपासून मात्र तिचं चोळणं फक्त उजव्या पायाला कळायचं. डावा पाय गेला, आता लकवा येणार, या धास्तीने अंबाजीने घर डोक्यावर घेतलं. भगताने एक कोंबडा खाल्ला, तरी पाय आपला तसाच. शेवटी नव्यानेच सुरू झालेल्या एसटीने त्याने अलिबागचा डॉक्टर गाठला. गाठोडं सांभाळायला गोदू होतीच.

डॉक्टरांनी दोन्ही तळव्यांना सुई टोचली. अंबाजी दोन्ही वेळा सारखाच कळवळला.

"पाय ठणठणीत आहेत."

"मंग ही चोलते तवा डाव्याला कसं कलत न्हाय?" अंबाजीला तो अपमानच वाटला.

डॉक्टर गोदूकडे वळले. "बाई, दोन्ही हातांनी माझे हात दाबा."

गोदूचा उजवा हात त्यांच्या हातावर नुसता पडून राहिला.

"हे कधीपासून?"

"होलीपासून," गोदू खाली बघत म्हणाली.

"म्हंजे मना काय झालं न्हाय." अंबाजीचा जीव भांड्यात पडला. त्याने गाठोडं उचललं आणि गोदूच्या उजव्या हातात दिलं.