किल्ली

हवालदाराने चारुलताच्या स्कूटरची किल्ली काढून खिशात टाकली. मागे बसलेल्या बाबांचा दम्याने श्वास कोंडला होता. दवाखाना पुलापलीकडेच होता.

"हेल्मेट नाही, पावती फाडा. पण किल्ली काढायचा हक्क तुम्हाला नाही!" चारुलता ओरडली.

"वकीलबाई, मग थांबा साहेब येईपर्यंत."

बाबांनी आयुष्यभर वस्तीला हेच हक्क शिकवले होते. धापा टाकत ते म्हणाले, "माफी मागू नकोस, पोरी."

त्यांचे निळे पडलेले ओठ पाहून तिने हात जोडले. "चुकलं, साहेब."

"हे आधीच बोलायचं ना!" हवालदाराने हसत किल्ली दिली.

तिने स्कूटर सुरू केली, तर बाबा खाली उतरलेले. "चूक त्याची होती. त्याला तसं म्हणू दे, मग बसतो."

तिने भररस्त्यात त्यांचे पाय धरले. बाबांनी पाय मागे घेतले.