झगमगरावांचं इंजिन

"चमचे पाचच?" धाकट्याने डबे भरता भरता विचारलं.

"सहावा तुझ्या बाबांनी जुन्या इंजिनाला भरवला," आई म्हणाली. "माझा फुलाच्या नक्षीचा संच. ऐन शर्यतीच्या सकाळी साखळीखालची पट्टी तुटली, तर यांनी चमच्याचा दांडा कापून तिथे बसवला. विचारायची पद्धत तरी आहे का या घरात?"

"शर्यत पार पडली ना?" मिस्त्री दारातून म्हणाले. "आणि ते इंजिन कधीच भंगारात गेलं."

"इंजिन गेलं, पाठोपाठ पोरगी गेली," आईने डब्याचं झाकण दाबून लावलं.

थोरली सासरी गेली असती तर मिस्त्रींना कौतुकाने सांगता आलं असतं. ती झगमगरावांच्या संघात गेली होती. घरची गाडी आधी तीच चालवायची, पण एका मोसमात सारखी तिसरी येत राहिली. मिस्त्रींनी इंजिन भंगारात काढलं आणि गाडी धाकट्याच्या हातात दिली. "बाबा, इंजिनात खोट नाही, मला थोडा वेळ द्या," असं ती म्हणाली होती. ते त्यांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

तेव्हापासून थोरली जिंकतच सुटली होती. भेटेल त्याला मिस्त्री सांगत, "पोरगी नाही जिंकत, झगमगरावांचा पैसा जिंकतो." तिची आठवण यायची आणि तिचा रागही यायचा, दोन्ही एकदमच. पैसाच जिंकतो हे एकदा सिद्ध करायचं म्हणून त्यांनी अर्धं गॅरेज विकलं आणि त्या पैशात नवं इंजिन उभं केलं. धाकट्याने नको म्हटलं होतं. पण धाकट्याचं त्या घरात कोण ऐकतो?

मैदानावर झगमगरावांचा तंबू लग्नाच्या हॉललाही लाजवेल असा होता. गार सरबत, वाद्यवृंद, फाटकाएवढा थोरलीचा फोटो. गाडीच्या इंजिनावर मात्र कायम मखमली पडदा, आणि त्यावर सोनेरी अक्षरं: 'आमचं गुपित'. लोक त्या पडद्यासोबत फोटो काढून घेत होते.

"मिस्त्री, टोपी घ्या. फुकट आहे," झगमगराव म्हणाले.

"राहू द्या. लोकांना घालताय तेवढ्या पुरेत."

यावर सगळ्यात मोठ्याने झगमगरावच हसले.

मिस्त्रींचा पाय एका जागी ठरत नव्हता. आवळलेला नट त्यांनी पुन्हा आवळला, पुसलेलं बॉनेट पुन्हा पुसलं. शेवटी धाकट्यानेच त्यांच्या हातातला पाना काढून घेतला.

शर्यत सुरू झाली. सरळ रस्त्यावर धाकटा थोरलीला गाठायचा, वळण आलं की ती निसटायची. धाकटा दुसरा आला, तोही बऱ्याच अंतराने.

"ती ब्रेक फार उशिरा दाबते, बाबा," तो हेल्मेट काढत म्हणाला. "मला नाही जमत तसं."

"तसलं इंजिन असतं तर तूही दाबला असतास."

आता वळणावरच्या ब्रेकचा आणि इंजिनाचा काय संबंध? पण मिस्त्रींचा जन्म इंजिनात गेला होता. जगातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ त्यांना तिथेच सापडायचं. ते तडक पंचांच्या टेबलाकडे निघाले.

या स्पर्धेत अदलाबदलीचा नियम होता. सगळ्यांची इंजिनं एकाच साच्यातली. आत काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं. पण हरलेला कोणीही आपलं इंजिन देऊन जिंकलेल्याचं मागू शकायचा, आणि जिंकलेल्याला नाही म्हणता यायचं नाही. श्रीमंतांनी इंजिनात पैसा ओतू नये म्हणून जुन्या लोकांनी ही सोय करून ठेवली होती.

टेबलाजवळ थोरली आडवी आली. घामाने केस कपाळाला चिकटले होते.

"बाबा, इंजिन मागू नका."

"का? घाबरलीस?"

"हो."

"मग तर मागणारच."

"तुमचं इंजिन खरंच चांगलं आहे. मागून येणारा त्याचा आवाज मला कळत होता. ते जपा." तिने झगमगरावांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला जास्त बोलता येत नाही. करारात बांधलेय. एवढं एकदा ऐका माझं."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी वाळली होती. जेवतेस का नीट, असं विचारावंसं वाटलं. पण जिभेवर दुसरंच आलं. "मालकाचं मीठ चांगलं जागतेस."

ती बाजूला झाली.

"एकदा घेतलं की परत करता येत नाही," पंच म्हणाले. "कळलं ना?"

"कळलं."

झगमगरावांनी कपाळाला हात लावला. डोळ्यांत पाणी आणायचं तेवढं बाकी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या अर्ध्या गॅरेजात ही गर्दी. शेजारी आले, जुनी गिऱ्हाइकं आली. टेबलावर सोनेरी रंगाचं इंजिन चमकत होतं. आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती, आणि धाकटा सगळ्यांच्या मागे.

मिस्त्रींना रात्रभर झोप नव्हती. बोल्ट काढताना एक हातातून निसटून पडलाही.

"आता बघा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी पोरगी कशाच्या जिवावर जिंकते ते."

त्यांनी साखळीवरचं झाकण उचललं आणि ते तसंच हातात धरून राहिले.

"काय झालं?" आईने ट्रे खाली ठेवला आणि ती पुढे वाकली. साखळीखाली एक अरुंद पट्टी होती. तिने बोटाने तिच्यावरचं काळं तेल पुसलं. खालून तिच्या चमच्यावरचं फूल निघालं.