मोराची मान
निवृत्त झाल्यावर शेषरावांनी अमडापूरच्या घरातली मागची खोली रिकामी केली, खिडकीपाशी टेबल ठोकलं आणि नक्षी कापायची बारीक पात्याची विजेवरची करवत बसवली. दोन वर्षं ते सागवानी फळ्यांतून मोर आणि वेली कापत राहिले. मग शुगरनं एक डोळा गेला, दुसरा अंधुक झाला. आज पत्नी तानुबाईंनी मोराची रेष काळ्या शाईनं जाड करून दिली. करवत थांबली. “रेषेवरच चालली ना?” शेषरावांनी विचारलं. मोराची मान तुटून खाली पडली होती. “हाव, बरोबर हाये,” तानुबाई म्हणाल्या. शेषरावांनी कडेवरून हळूच बोट फिरवलं. मानेच्या जागी ते थांबलं. “काऊन खोटं बोलून राह्यली?” तानुबाई रडू लागल्या. “डाक्टर म्हणाले, हा डोळा वाचते.” “तानू, तो नाही वाचत. तुले तसं सांगा म्हणून मीच त्याईच्या पाया पडलो होतो.”